सोलरच्या अर्जाआधी बिलावरचे नाव

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनींच्या पत्राचा हा सारांश. त्या शिक्षिका आहेत आणि सासूबाई, पती व दोन मुलांसह सासऱ्यांनी बांधलेल्या घरात राहतात. घराचा पुढचा भाग कौलारू आहे, मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब आहे. सासरे सहा वर्षांपूर्वी वारले, तरी वीजजोडणी अजून त्यांच्याच नावावर आहे. थोरले दीर पुण्यात असतात, धाकटे बेळगावात उद्यमबागेत नोकरीला आहेत. नणंद गडहिंग्लजला दिली असून गेल्या वर्षी तिने घरावर तीन किलोवॉटचे सोलर बसवले. तेव्हापासून तिचे बिल जवळजवळ शून्यावर आले आहे. आता गावात एक एजंट येऊ लागला आहे. ‘सबसिडी लवकरच बंद होणार, केईबीची (वीज कंपनीची) मंजुरी मी आणून देतो, आधार, ओटीपी आणि दहा हजार रुपये द्या, चार-पाच वर्षांत पैसे फिटतील,’ असे तो सांगतो. त्याने तीन किलोवॉटचा दर दोन लाख दहा हजार सांगितला आहे. या घराला ठरावीक युनिटे मोफत देणाऱ्या कर्नाटक सरकारच्या ‘गृहज्योती’ योजनेचा लाभ आहे; तरीही गेल्या वर्षभरात बिलापोटी एकूण पाच हजारांच्या आसपास भरावे लागले. पावसाळ्यात लाईट वरचेवर जाते आणि मुलीचे दहावीचे वर्ष आहे, म्हणून सोलरची ओढ अधिक. करारनामा कन्नडमध्ये असेल तर सही कशी करायची, हीही धास्ती आहे. ‘दोघा दिरांची संमती घेऊन अर्ज करून टाकू का, की थांबू?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमच्या पत्रात एक प्रश्न विचारलेला आहे आणि तीन-चार गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. मला त्या गृहीत गोष्टींबद्दल आधी बोलले पाहिजे असे वाटते, कारण अर्ज करावा की करू नये याचे उत्तर त्यांच्यातच आहे. सोलर वाईट नाही. माझ्या स्वतःच्या छतावर ते आहे आणि मला त्याचे समाधान आहे. मात्र विजेच्या जाळ्याला आपले छत जोडणे म्हणजे दुकानातून मिक्सर आणण्यासारखी खरेदी नव्हे. तो पंचवीस वर्षांचा व्यवहार आहे, आणि तो ज्याच्या नावावर वीज आहे त्याच्याशी होतो. तुमच्या घरात ती वीज आज हयात नसलेल्या माणसाच्या नावावर आहे.

लाईट जाण्यापासून सुरुवात करते, कारण सोलरची तुमची खरी ओढ तिथून आलेली दिसते. जाळ्याला जोडलेले साधे सोलर लाईट गेल्यावर चालत नाही. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, वर पॅनेल चकाकत असताना खाली पंखा थांबतो, पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा जाऊन लाल लागतो आणि घरचे लोक अंगणात येऊन छताकडे बघत राहतात. आमच्या शेजारी पहिल्या पावसाळ्यात अगदी असेच झाले आणि त्यांना वाटले, यंत्र बिघडले. ते बिघडलेले नव्हते. गावची लाईन बंद करून लाईनमन खांबावर चढलेला असताना तुमच्या छतावरची वीज उलट त्या तारेत गेली, तर तो जिवाला मुकेल. म्हणून जाळ्यावरचा पुरवठा थांबताच इन्व्हर्टरने आपण होऊन बंद पडावे, अशीच त्याची रचना असते. लाईट नसतानाही वीज हवी असेल तर बॅटरी आणि तिच्यासह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्याचा खर्च बराच वाढतो आणि बॅटरीसाठी वेगळी सबसिडी मिळत नाही. मुलीच्या अभ्यासासाठी दोन दिवे, एक पंखा आणि मोबाईल चार्जिंग एवढीच गरज असेल, तर साधा घरगुती इन्व्हर्टर आणि एक चांगली बॅटरी हे काम फार कमी पैशांत करील आणि तेही याच महिन्यापासून. दहावीचे वर्ष अर्जाची वाट पाहत थांबणार नाही. ती सोय सोलरच्या निर्णयापासून वेगळी काढा आणि आधी करा.

आता नणंदेचे बिल. तुमचे गाव आणि गडहिंग्लज यांच्यात अंतर थोडे असले, तरी विजेच्या हिशेबात मध्ये राज्याची हद्द आहे. त्यांना महावितरण वीज देते आणि त्यांचे दर महाराष्ट्राचा वीज नियामक आयोग ठरवतो. तिकडे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे जास्त युनिट वापरणाऱ्याला वरच्या टप्प्यातले प्रत्येक युनिट महाग पडते आणि सोलरने नेमकी तीच महाग युनिटे वाचतात. तुम्हाला हेस्कॉम ही सरकारी कंपनी (लोकांच्या तोंडची ‘केईबी’) वीज देते, दर कर्नाटकाचा आयोग ठरवतो, आणि इकडे घरगुती विजेला आता टप्पे नाहीत, एकच दर आहे. कर व अधिभार धरून तो युनिटला ढोबळमानाने साडेसहा रुपयांच्या आसपास पडतो. त्याशिवाय तुम्हाला गृहज्योती आहे, जी नणंदेला नाही. जास्तीच्या युनिटांचा हिशेब कसा करायचा याचे नियमही दोन्ही राज्यांचे आपापले आहेत. तिचा अनुभव खरा आहे, पण तो तुमच्या घराचे माप नव्हे. (आपल्याच जिल्ह्यातही सगळीकडे एक नियम लावू नये. हुक्केरी तालुक्यात वीज हेस्कॉम देत नाही, १९६९ साली स्थापन झालेला तिथला ग्रामीण वीज सहकारी संघ देतो. तिकडच्या वाचकांनी चौकशी संघाच्या कार्यालयात करावी.)

गृहज्योतीचा हिशेब नीट समजून घेतला, तर एजंटच्या ‘चार-पाच वर्षांत’ या बोलण्याचा अर्थ उलगडतो. २०२३ साली ही योजना सुरू झाली तेव्हा प्रत्येक घराचा २०२२-२३ मधला सरासरी मासिक वापर काढून त्यात दहा टक्के मिळवण्यात आले आणि तेवढी युनिटे मोफत ठरली. वापर त्या मर्यादेच्या वर पण २०० च्या आत असेल तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे लागतात, आणि २०० ओलांडले तर पूर्ण बिल भरावे लागते. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांप्रमाणे तुमची सरासरी १२० होती, म्हणजे मोफत मर्यादा १३२ ची झाली. आता पाण्याची मोटर आणि इंडक्शन शेगडी यांमुळे वापर १५०-१६० वर गेला आहे, आणि एप्रिल-मे या दोन महिन्यांत तो २२० च्या पुढे गेला. वर्षातले पाच हजार मुख्यतः या दोन महिन्यांचे आहेत.

आता दोन लाख दहा हजारांतून केंद्राच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतली ७८ हजारांची सबसिडी वजा करा. तुमच्या खिशातून एक लाख बत्तीस हजार जातात. पाच हजारांचे बिल शून्य झाले तरी एवढी रक्कम फिटायला सव्वीस वर्षे लागतील. त्यात वापरून उरलेल्या, म्हणजे वीज कंपनीला विकलेल्या युनिटांचे पैसे मिळवू. एक किलोवॉटला वर्षाची सरासरी दिवसाला चार युनिट धरतात. खानापूरचा पाऊस लक्षात घेता मी जरा कमी धरते, म्हणजे तीन किलोवॉटला महिन्याला ३२० च्या आसपास. तुमचा वापर वजा जाता दीडशेच्या आसपास युनिटे जाळ्यात जातील. त्यांचा दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो आणि तो करारात लिहिलेला असतो; केवळ हिशेबापुरता अडीच रुपये धरला तर वर्षाला साडेचार हजार होतात. सगळे मिळून साडेनऊ हजार, म्हणजे तेरा-चौदा वर्षे. एजंट खोटेच बोलतो असे मी म्हणत नाही. महिन्याला साडेतीनशे युनिटे जाळणाऱ्या, म्हणून गृहज्योतीत न बसणाऱ्या घरासाठी त्याचा आकडा जवळजवळ बरोबर येतो: त्या घराचे वर्षाला पंचवीस हजार वाचतात आणि पाच-सव्वापाच वर्षांत रक्कम फिटते. तो आकडा त्याने तुमच्या दारात येऊन तुमचे बिल न बघता सांगितला, ही चूक आहे.

तुमच्या जागी मी असते तर तीन किलोवॉटचा विचार सोडला असता. सबसिडी पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार आहे, तिसऱ्याला १८ हजार आणि त्यापुढे काहीच नाही. तेव्हा सरकारचा हात खरा पहिल्या दोन किलोवॉटपुरताच सैल आहे. एक किलोवॉट तुमच्या मागच्या स्लॅबवर सहज बसेल, कारण त्याला सावली नसलेली शंभरेक चौरस फूट जागा पुरते. त्यातून महिन्याला शंभराच्या वर युनिटे मिळतील आणि उन्हाळ्यातला २०० चा उंबरठा ओलांडला जाणार नाही. इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचे मनात असेल तर दोन किलोवॉट. मात्र नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) बसल्यावर गृहज्योतीची युनिटे कशी मोजणार, हा प्रश्न आपल्या सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज करून विचारा, पोच घ्या आणि उत्तर हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. तोंडी उत्तर देणारा अधिकारी उद्या बदलून जातो. दुसरी बाजूही सांगते: गृहज्योती ही सरकारी सवलत आहे, ती वीस वर्षे तशीच राहील असे धरून कोणी चालू नये. छतावरचे पॅनेल मात्र तेव्हाही वीज देत राहील. हा विचार करून, थोडा तोटा सोसूनही कोणी छोटे सोलर बसवले तर मी त्याला अडवणार नाही.

आता नावाची गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पंतप्रधान सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज वीजग्राहकाच्या नावाने आणि ग्राहक क्रमांकाने होतो आणि सबसिडी त्याच नावाच्या बँक खात्यात जमा होते. सासऱ्यांच्या नावे बिल ठेवून, तुमचा आधार लावून एजंटने पुढे रेटले, तर पॅनेल बसेल, सगळे पैसे तुमचे जातील आणि सबसिडी नावाच्या फरकावर अडकून पडेल. नाव पूर्ण वेगळे असण्याचीही गरज नसते. माझ्या बिलावर इकडच्या रिवाजाप्रमाणे आधी आद्याक्षरे होती, आधारवर पूर्ण नाव आणि पासबुकात आडनाव पुढे. एवढ्या फरकासाठी माझा अर्ज दोनदा परत आला आणि बिलावरचे नाव दुरुस्त होईपर्यंत एक अख्खा उन्हाळा गेला. तेव्हा तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

जोडणीवरचे नाव बदलण्यासाठी साधारणपणे सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) मिळणारा वंशवृक्ष, पंचायतीचा ई-स्वत्तू (घराच्या मालमत्तेचा) उतारा, शेवटचे भरलेले बिल, हमीपत्र आणि इतर वारसांची ना-हरकत एवढे कागद मागतात. आणि इथेच तुमच्या पत्रातली एक ओळ मला थांबवून गेली. ‘दोघा दिरांची संमती घेऊन’ असे तुम्ही लिहिले आहे. वारस दोघे दीर आणि तुमचे पती एवढेच नाहीत. घर सासऱ्यांच्या स्वकमाईचे असेल, त्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर सासूबाई आणि नणंद यांचाही मुलांइतकाच वाटा आहे. ज्या नणंदेच्या बिलाचा दाखला तुम्ही दिलात, तिची सही लागेल हे तुमच्या मनात आले नाही. तुमचा यात काही कुहेतू नाही हे मी जाणते. लेक दिली की तिचा कागद संपला अशी आपल्याकडची जुनी सवय आहे. कायद्याने ती कधीच मोडीत निघाली. नणंदेला ‘सही दे’ म्हणून फोन करण्याऐवजी ‘तुझ्या अनुभवाचा उपयोग हवा आहे आणि घरात तुझाही हक्क आहे’ असे सांगून विचारा. सोलर बसवताना त्यांना काय नडले, हे त्या कोणाही एजंटपेक्षा खरे सांगतील.

माझा कल सासूबाईंच्या नावे जोडणी करावी याकडे आहे. त्या घरात राहतात, त्यांच्या नावावर कोणाही भावंडाचा आक्षेप येण्याची शक्यता सर्वांत कमी, आणि खाते त्यांच्या नावे असले तर सबसिडीही थेट त्यांच्याच खात्यात येते. अडचण एकच: पुढे पुन्हा एकदा नाव बदलावे लागेल. तुमच्या पतींच्या नावे करायचे झाले तरी हरकत नाही, फक्त सर्वांना हे स्पष्ट सांगा की वीजजोडणीवर नाव लागल्याने घराची मालकी ठरत नाही. थोरल्या दिरांच्या मनात नेमकी हीच शंका असते, मग ते बोलोत वा न बोलोत. नाव बदलण्याच्या कागदासोबतच छतापुरते एक साधे संमतिपत्र करून घ्या: पॅनेलचा खर्च कोणी केला, वीज कोण वापरणार, जास्तीच्या युनिटांचे पैसे कोणाचे, आणि उद्या एखाद्या भावाला स्लॅबवर खोली चढवायची झाली तर पॅनेल हलवण्याचा खर्च कोण करणार. खोली चढवण्याचा मुद्दा आज कोणाच्या डोक्यात नसेल. पंचवीस वर्षांत तो येईल.

नाव जागेवर आले की पुढचे काम सोपे आहे, आणि ते तुम्ही एजंटशिवाय करू शकता. पोर्टलवर स्वतःचा मोबाईल क्रमांक घालून नोंदणी करा. ओटीपी दुसऱ्याला सांगितला तर अर्ज तुमचा राहत नाही. ‘केईबीची मंजुरी आणून देतो’ म्हणून जे दहा हजार मागितले जातात, त्याबद्दल एवढे लक्षात ठेवा की फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीजग्राहक हक्क नियमांत केलेल्या बदलानंतर १० किलोवॉटपर्यंतच्या घरगुती अर्जाला तांत्रिक तपासणीची अट राहिलेली नाही. अर्ज पूर्ण असला तर तो मान्य झालाच असे धरले जाते, आणि मंजूर भार वाढवणे गरजेचे असेल तर तेही त्यातच होते. जी गोष्ट नियमानेच मान्य आहे, तिच्या मंजुरीसाठी कोणाला पैसे द्यायचे कारण नाही. बसवण्याचे काम मात्र पोर्टलवरच्या यादीतल्या नोंदणीकृत व्हेंडरकडूनच करून घ्यावे लागते, पॅनेल भारतात बनलेल्या सेलचेच असावे लागते आणि पाच वर्षांची देखभाल व्हेंडरवर बंधनकारक आहे. निदान तिघांकडून लेखी दर मागवा. काम पूर्ण होऊन तुम्ही कळवल्यावर मीटर बसवून जोडणी चालू करण्यासाठी वीज कंपनीला पंधरा दिवसांची मुदत आहे. पूर्ण रक्कम आधी कधीही देऊ नका. शेवटचा हप्ता नेट मीटर बसून त्यावर घेतलेली आणि दिलेली युनिटे वेगवेगळी दिसू लागल्यावरच द्या. सबसिडी त्यानंतर येते, म्हणून सुरुवातीला सगळे पैसे उभे करावे लागतात. बँका यासाठी तारणाशिवाय कर्ज देतात, पण तुमच्या पाच हजारांच्या बचतीतून हप्ता निघणार नाही. कर्ज काढून तुम्ही हे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

‘सबसिडी बंद होणार’ या भीतीत तथ्य एवढेच की योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. त्यामुळे नावाचे काम आजच सुरू करा. ते दोन दिवसांत होणार नाही, पण मुदत संपत आली म्हणून नाव न बदलता अर्ज करण्यातही काही मिळणार नाही.

छत बघायला माणूस येईल तेव्हा तुम्ही स्वतः वर जा. पत्रात तुम्ही शेजारच्या परड्यातल्या फणसाचा ओझरता उल्लेख केला आहे. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि साडेतीनला त्याची सावली स्लॅबवर कुठवर येते, ते खडूने रेघ मारून ठेवा आणि डिसेंबरात पुन्हा बघा, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सावली लांब पडते. पॅनेल एकमेकांना माळेसारखी जोडलेली असतात. एकावर सावली आली तरी सगळ्या माळेचे उत्पादन खाली येते. शेजाऱ्यांचा फणस तोडायला सांगण्यापेक्षा पॅनेलची जागा हलवणे बरे. कौलांवर बसवायला कोणी तयार झाला तरी नको म्हणा. तुमच्या तालुक्याच्या पावसात एक कौल सरकले तरी ते नीट करायला पॅनेल उतरवावे लागेल. सांगाडा चांगल्या जस्ताच्या थराचा, आणि अर्थिंग पॅनेलचे, घराकडच्या बाजूचे व आकाशातल्या विजेपासून संरक्षणाचे अशी तिन्ही वेगवेगळी झाली आहेत का, हे मुकाट्याने मोजून घ्या. माकडे वायर ओढतात, म्हणून वायर पाइपातूनच नेली पाहिजे. धूळ आणि पाला महिन्यातून दोनदा पहाटे साध्या पाण्याने धुवावा; तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

कन्नड करारनाम्याची तुमची धास्ती मला परकी नाही. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांनी न वाचता अंगठे दिले आणि त्याची फळे नातवंडांनी भोगली. मराठीत कागद मिळावा ही आपली मागणी रास्तच आहे, पण तो मिळेपर्यंत सही अडली म्हणून घाईत करायची नसते. तुमची मुलगी शाळेत कन्नड शिकते ना? कराराची प्रत एक दिवस आधी घरी आणा, तिला मोठ्याने वाचू द्या आणि प्रत्येक कलमाचा अर्थ तुम्ही स्वतःच्या हाताने मराठीत वहीत लिहा. जिथे ती अडेल तिथे शाळेतल्या कन्नडच्या शिक्षकांना विचारा. चार गोष्टी खास शोधा: विकलेल्या युनिटाचा दर, कराराची मुदत, पैसे बिलातून वळते होणार की खात्यात येणार, आणि मधेच घर किंवा नाव बदलले तर काय. ज्यांच्या नावे सही होणार त्या सासूबाईंनाही ते वाचून दाखवा.

आणि दिरांना, नणंदेला हे सगळे फोनवर सांगू नका. गणपतीला सगळे गावी येतील. त्याआधी वंशवृक्ष, मृत्यूचा दाखला आणि उतारा काढून ठेवा, गेल्या बारा महिन्यांची बिले एका पिशवीत घाला आणि ना-हरकतीच्या मसुद्यात नावाची जागा कोरीच ठेवा. आरास उरकली, जेवणे झाली की सासूबाईंना मध्ये बसवून आधी बिले दाखवा, मग छत, मग कागद. विसर्जनाच्या दिवसावर ठेवू नका. त्या दिवशी थोरले दीर दुपारच्या गाडीची घाई करतात, असे तुमच्याच पत्रात आहे.